सल्ले पुरेत, बसायला खुर्ची द्या

एक सांगा मला, गरोदर बाईचे पाय सुजले की अख्ख्या गल्लीला एकाच दिवशी डॉक्टरकी कशी काय येते? सोसायटीतल्या काकू, भाजीवाल्या मावशी, नवऱ्याच्या ऑफिसमधला कोण तो ज्याच्या बायकोला मागच्या वर्षी मूल झालं, सगळे एक्स्पर्ट. पाणी कमी पी. मीठ बंद कर. भात खाऊ नकोस. बार्लीचं पाणी पी (अहो आत्ताच पाणी कमी पी म्हणालात ना?). गोखरूचा काढा घे. चालत राहा. अजिबात चालू नकोस. आणि ही सगळी यादी मी उभ्याने ऐकते, उभ्याने, कारण एकालाही असं सुचत नाही की बाई आधी टेक, मग बोलू.

आठवा लागलाय, एप्रिल चालू आहे, पुण्यातलं दुपारचं ऊन कसं असतं ते वेगळं सांगायला नको. सकाळी उठते तेव्हा पाय बऱ्यापैकी माझे असतात, दुपारपर्यंत कुणा तिसऱ्याच बाईचे होतात. घोटा गायब. नडगीवर बोट दाबलं की तिंबलेल्या कणकेत दाबल्यासारखा खळगा पडतो आणि तो भरून यायला इतका वेळ लागतो की मधे एक वही तपासून होते. चप्पल एकही होत नाही, कोल्हापुरी तर लांबच राहिली, नवऱ्याच्या जुन्या रबरी स्लिपर घालून शाळेत जाते कारण त्यातच पाय मावतात.

जोडव्यांचं वेगळंच रामायण. डाव्या पायातलं रुतायला लागलं, साबण लावला, खोबरेल लावलं, दोरा गुंडाळून बघितला, हलायचं नाव नाही, बोट जांभळं पडायला लागलं तेव्हा घाबरून कोपऱ्यावरच्या सोनाराकडे गेले. त्या माणसाने आधी स्टूल पुढे केलं, न सांगता, मग स्वतः खाली बसून जोडवं आणि बोट यांच्यात एक पातळ पट्टी सरकवली आणि वरून हळूहळू कापलं, पैसे पण घेतले नाहीत. घरी आल्यावर बोट बरं आहे का हे कुणी विचारेल? छे. शेजारच्या काकू दारातच, "अगं जोडवी काढलीस? आठव्या महिन्यात? सवाष्ण बाईने?" म्हणजे बोट सडलं तरी चालेल पण जोडवं हवं! आई (सासूबाई) तेव्हा काही बोलल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशी तुळशीबागेतून सैल बसतील अशी जोडवी घेऊन आल्या, ते एक बरं झालं. पहिलटकरणींनो, जोडवी, अंगठ्या, बांगड्या जे काय असेल ते सातव्यातच काढून डब्यात ठेवा, कटरची वेळ आणू नका.

आता पाण्याचं. आमच्या डॉक्टर मॅडमनी फाईलच्या मागे पेनाने चित्र काढून समजावलं म्हणून मला कळलं तरी. गरोदरपणात रक्तच जवळपास निम्म्याने वाढतं, शेवटाला अंगात एकूण ६ ते ८ लिटर पाणी जास्तीचं असतं, म्हणजे बाळ, वार, गर्भजल, रक्त आणि बाकीचं अंगभर असं सगळं धरून. हार्मोन्समुळे शिरा सैल पडतात, रक्तातलं प्रोटीन जरा कमी होतं त्यामुळे पाणी शिरांमधून बाहेर झिरपतं, आणि पायांकडून हृदयाकडे रक्त नेणारी जी मोठी शीर आहे तिच्यावर वाढलेल्या गर्भाशयाचा दाब येतो. ती शीर मणक्याच्या उजव्या अंगाला असते, म्हणून डाव्या कुशीवर झोपा म्हणतात, त्यात शुभअशुभ काही नाहीये. आणि तासन् तास उभं राहिलं की हे सगळं पाणी जाणार कुठे, खालीच ना!

यात मी कमी पाणी प्यायल्याने सूज कशी उतरेल ते मला कोणीतरी समजावून सांगावं. उतरत नाही. वर ह्या उन्हात चक्कर, बद्धकोष्ठ आणि युरिन इन्फेक्शन पदरात. मीठाचंही तेच, रोज पापड लोणचं फरसाण चरू नये इतपत ठीक आहे, पण आमच्याकडे वरणातलं मीठ काढून ते बेचव वरण माझ्या ताटात वेगळ्या वाटीत येतं आणि बाकीचे समोर बसून मस्त खारी मिरची खातात. गोखरूचा काढाही दोनदा समोर आला, दोन्ही वेळा कुंडीत गेला. मॅडमनी स्पष्ट सांगितलंय की लघवी जास्त व्हायची औषधं, काढे, चूर्ण काहीच मनाने घ्यायचं नाही. पण त्या एमडी झाल्या असतील, काकूंनी तीन बाळंतपणं केलीत!

शाळेचं ऐका. परीक्षा चालू आहेत, म्हणजे सुपरव्हिजन. आमच्याकडे परीक्षेच्या दिवसात वर्गातली बाईंची खुर्ची उचलून बाहेर ठेवतात, का, तर बाई बसल्या की मुलं कॉपी करतात. तिसरीची मुलं! काय कॉपी करणार ती, पाढे? अख्खा पेपर मी दोन बाकांच्या मधल्या गल्लीत येरझाऱ्या घालते, मधेच खिडकीच्या कट्ट्याला टेकते तर राउंडला आलेल्या मोठ्या बाई अशा बघतात की जणू मीच चिठ्ठी पुरवत होते. खुर्ची मागितली तर उत्तर काय मिळालं, "मॅडम, प्रेग्नन्सी म्हणजे आजारपण नाही." बरं. मग स्लिपरवरून ऐकवलं, स्टाफने सँडल घालायचे असतात म्हणे. सँडल घालायला तयार आहे हो, पाय तेवढा तुम्ही घालून दाखवा त्यात. आणि स्टाफरूममध्ये आपल्यातल्याच एक सीनियर, "आम्ही नववा भरेपर्यंत उभं राहून शिकवलं गं, आताच्या मुलींना सगळं नाजूक." तुम्ही त्रास काढलात हे वाईट झालं, पण मग मलाही तो काढायलाच लावायचा हा कुठला हिशोब?

तपासणीला जावं तर तिथे तिसरीच तऱ्हा. गरोदर बायकांची ओपीडी, बाहेर खुर्च्या मोजक्या, आणि त्यावर कोण? नवरे! ओळीने नवरे, मान खाली, मोबाईलवर रील चालू, आणि समोर पोटुशा बायका भिंतीला टेकून, एका पायावरून दुसऱ्या पायावर. परवा एकाला म्हटलं, दादा जरा उठता का, तर तो वर बघून म्हणतो "आमचा नंबर आहे." नंबर तुमचा आहे का? तुम्ही आहात का पोटुशी? (माझा नवरा उभा होता, पण तो घरून धमकी देऊन आणलेला.)

आणि ज्या गोष्टीवर खरंच कोणीतरी बोलायला हवं तिथे सगळे गप्प. मागच्या आठवड्यात सकाळी डोळ्यांखाली सूज वाटली, तोंड जड, हाताची बोटं आखडलेली. लिफ्टमध्ये काकू हसून म्हणतात, "तोंड कसं भरलंय, मुलगी होणार बघ!" सोनोग्राफीवाल्याच्या भिंतीवर गर्भलिंग सांगायला बंदी करणाऱ्या १९९४ च्या कायद्याची पाटी असते, ह्यांच्या तोंडावर पण एक लावा कोणीतरी. अहो तोंडावर आणि हातावर एकदम आलेली सूज म्हणजे आधी बीपी बघायचं असतं! २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं आणि युरिनमधून प्रोटीन जायला लागलं तर तो प्रीएक्लॅम्प्सिया असू शकतो, त्यात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. डोकं ठणकून थांबत नाहीये, डोळ्यांसमोर चमकतंय किंवा अंधुक दिसतंय, बरगडीखाली उजवीकडे दुखतंय, असं काही झालं तर उद्या बघू म्हणायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आणि एकच पाय सुजला, पोटरी गरम लाल होऊन दुखायला लागली तर शिरेत गुठळी असू शकते, तिथे तेल लावून चोळत बसायचं नाही. मी त्याच दिवशी जाऊन बीपी आणि युरिन करून आले, नॉर्मल निघालं, पण लिफ्टमधल्या भविष्यावर खूश होऊन घरी बसले असते तर?

डोहाळजेवणाचं न बोललेलंच बरं, पण बोलतेच. फुलांचा झोपाळा काय सुंदर सजवला होता, आणि त्यावर मी बसले किती वेळ, तर फोटोपुरती. बाकी वेळ फुलांचं धनुष्यबाण घेऊन उभी, आणि येईल त्या प्रत्येक आत्याला मावशीला वाकून नमस्कार, ते पोट घेऊन! रात्री पायाखाली उशांचा ढीग रचून पडले होते तर व्हिडिओ कॉलवर नणंद, "वहिनी, पाय किती सुजलेत, काळजी घ्यायची ना." ताई, दुपारी ओटी भरायला उभं कोणी केलं होतं?

पायात घालायचे ते घट्ट मोजे पण आणलेत, मॅडमनी सांगितलेले. पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधीच चढवायचे असतात, एकदा पाय सुजले की चढत नाहीत. ह्या पोटाला वाकून ते कोण घालणार, म्हणून रोज सकाळी नवरा घाम गाळून चढवतो आणि मी वर फॅन पाचवर करून पडून असते. फरक पडतो, खरं सांगते. पण त्यांच्या जोरावर दिवसभर उभी राहीन असं कोणी समजू नये.

काल रात्री झोप येईना म्हणून कायदाच काढून वाचला. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात सरळ लिहिलं होतं की बाळंतपणाच्या अंदाजे तारखेच्या आधीचे सहा आठवडे आणि त्याच्याही आधीचा एक महिना, एवढ्या काळात बाईने मागणी केली तर तिला जास्त वेळ उभं राहायचं किंवा कष्टाचं काम देता येत नाही. आता त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच तरतूद आहे. आपण फक्त २६ आठवड्यांच्या रजेचंच बोलतो, हे कुणी सांगतच नाही. मागणी केली तर, हे महत्त्वाचं, म्हणजे तोंडी रडगाण्याचा पुरावा राहत नाही, लेखी दिलेलं बरं.

तर अर्ज लिहिलाय. एकतिसावा आठवडा चालू, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे, सुपरव्हिजनला वर्गात खुर्ची मिळावी, कळावे. दोन प्रती काढल्यात, सोमवारी ऑफिसात देणार आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय हलणार नाही. क्लार्कच्या टेबलासमोर एक खुर्ची असते, तिच्यावर बसूनच थांबणारे.