‘विमान लेट, पैसे थेट’ हा मेसेज आता तरी पुढे पाठवू नका

गेल्या महिन्यात विट्यात माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा झाला आणि तिचा सख्खा मामा त्याला नव्हता. तो चेन्नई विमानतळावर, पोरीसाठी घेतलेली कांचीपुरम साडी बॅगेत घेऊन, काउंटरसमोर भांडत उभा होता. कारण एक व्हॉट्सॲप मेसेज. गलाईवाल्यांच्या ग्रुपवर तो फिरतोय. खानापूर, आटपाडी, तासगावची माणसं सोनं-चांदी आटवायच्या धंद्यात देशभर पांगलेली, त्यामुळे एका गावातला मेसेज तासाभरात चेन्नईपासून कोलकात्यापर्यंत जातो. परवा तोच मेसेज आईलाही आला, म्हणून हे लिहायला बसले.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: विमान तीन तास लेट झालं की 50,000 रुपये मिळतात, रद्द झालं तर दुप्पट. पर्यायी विमान घेऊ नका, रिफंड घेऊ नका, जेवणाचं कूपनसुद्धा घेऊ नका. काहीही घेतलं की ‘सेटलमेंट’ झाली आणि हक्क गेला. सहा तास लेट झालं तर फाइव्ह स्टार हॉटेल. पावसाचं कारण चालत नाही. आणि शेवटी एक नंबर: पीएनआर आणि बँकेचा तपशील पाठवा, आम्ही पैसे काढून देतो, 40 टक्के आमचे.

यातला सगळ्यात घातक भाग ‘काहीच घेऊ नका’ हा. मामाचं सकाळचं पुण्याचं विमान पहाटे रद्द झालं. विमानात बिघाड आहे असं सांगितलं आणि कंपनीने संध्याकाळी सातच्या विमानात जागा देऊ केली. ती घेतली असती तर रात्री पुण्यात उतरून पहाटेपर्यंत तो विट्यात असता. साखरपुडा दुसऱ्या दिवशी अकराला होता. पण मामाने मोबाइल पुढे धरला, “आधी पैसे द्या” म्हणाला आणि हटून बसला. कूपनही परत केलं. मामाला साखरेचा त्रास आहे. सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत तो माणूस सोबतच्या दोन बिस्किटांवर होता. दोन वाजता त्याने मला फोन केला. मी म्हटलं, “मामा, मिळेल ती सीट घे आणि निघ.” तोवर संध्याकाळचं विमान भरलं होतं.

आता नियम काय आहे ते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, याच विषयावरचा नियम 2010 पासून आहे आणि त्यात पुढे बदलही झालेत. डीजीसीएच्या वेबसाइटवर तो कुणालाही वाचता येतो. विमान रद्द होणार हे कंपनीने दोन आठवडे आधी सांगितलं तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा. त्यानंतर पण सुटण्याच्या 24 तास आधीपर्यंत सांगितलं तरी हेच दोन पर्याय. तेवढंही आधी सांगितलं नाही, तर प्रवाशाला मान्य होईल असं पर्यायी विमान, नाहीतर पूर्ण परतावा आणि वर भरपाई. भरपाईचे आकडे असे: एक तासापर्यंतच्या प्रवासाला 5,000, दोन तासांपर्यंत 7,500, त्याहून जास्त असेल तर 10,000 रुपये. पण खरी मेख पुढे आहे. हा आकडा किंवा तिकिटाचं एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातली जी रक्कम कमी असेल ती मिळते.

मामाचं तिकीट 5,300 चं, त्यात मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून 4,100. म्हणजे मेसेजप्रमाणे सगळं नाकारूनही, तिकिटाच्या परताव्यावर त्याला फार तर 4,100 रुपये जास्तीचे मिळू शकतात. दुसऱ्या दिवशीचं तिकीट त्याने 9,800 ला काढलं. पोहोचला तेव्हा मांडववाला खुर्च्या गोळा करत होता.

एवढं मात्र मला मान्य करावं लागेल की मेसेज इथे शंभर टक्के खोटा नाही. पर्यायी विमान स्वीकारलं तर या नियमाखालची रोख भरपाई मिळत नाही. म्हणजे तुम्हाला कुठे वेळेवर पोहोचायचंच नसेल, घरी जाऊन झोपायचं असेल, तर परतावा आणि भरपाई मागणं हा तुमचा हक्क आहे. पण परतावा घेतला म्हणून भरपाई बुडते हे साफ खोटं. नियमात दोन्ही एकत्रच लिहिलंय. आणि जेवणाचं कूपन घेतल्याने कुठलाही हक्क जात नाही. ताटकळलेल्या प्रवाशाला खायला-प्यायला देणं हे कंपनीचं वेगळं कर्तव्य आहे. खा, निवांत खा, आणि मग भांडा.

50,000 चा आकडा आला कुठून? माझा अंदाज, युरोपातून. युरोपीय संघाच्या 2004 च्या नियमात अंतराप्रमाणे 250, 400 किंवा 600 युरो भरपाई आहे, आणि 2009 च्या न्यायालयीन निकालानंतर तीन तासांहून जास्त उशिरालाही ती लागू झाली. 600 युरो म्हणजे 50,000 च्या वरच. तो नियम युरोपीय संघातून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला, आणि तिकडे जाणाऱ्या त्यांच्याच कंपन्यांच्या विमानांना लागतो. तुमचा मुलगा फ्रँकफर्टहून मुंबईला येत असेल तर हे जरूर लक्षात ठेवा. चेन्नई-पुण्याला त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडे नुसत्या उशिराला रोख भरपाईच नाही. अडीच तासांपर्यंतचा प्रवास असेल तर दोन तासांच्या उशिरापासून खाणंपिणं, आणि सहा तासांच्या वर गेलं की दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा.

हॉटेल: 24 तासांच्या वर उशीर, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर. पंचतारांकित असा शब्द नियमात कुठेही नाही.

पावसाचं कारण चालतं. हवामान, पूर, दंगल, संप, सरकारी आदेश अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या गोष्टींना भरपाई नाही. दिल्लीच्या धुक्यात 2007 साली अडकलेल्या एका प्रवाशाला 10,000 रुपये द्यायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये रद्द केला, कारण धुकं कंपनीच्या हातात नव्हतं. पण त्याच निकालात हेही सांगितलं की अशा वेळीही प्रवाशांच्या खाण्यापाण्याची आणि सोयीची जबाबदारी कंपनीचीच. बिघाडाला मात्र ‘हाताबाहेरचं’ म्हणून सोडून देऊ नका. कारण लेखी मागा.

तिकीट असून जागा नाही म्हणून चढू दिलं नाही तर 10,000 मिळतात, असंही मेसेजमध्ये एका ओळीत आहे. ते बरंचसं खरं आहे. एका तासाच्या आत दुसरं विमान दिलं तर काही नाही, 24 तासांच्या आत दिलं तर भाड्याच्या दुप्पट पण कमाल 10,000, त्यानंतर चौपट आणि कमाल 20,000.

आणि तो शेवटचा नंबर. पीएनआर आणि आडनाव हातात आलं की कुणीही तुमचं बुकिंग उघडू शकतो. त्याच्या जोडीला बँकेचा तपशील एका अनोळखी माणसाला द्यायचा आणि 4,100 मधले 40 टक्केही त्यालाच? तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा. दाद मिळाली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर. ग्राहक हेल्पलाइन 1915. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग. त्यासाठी मुंबई-दिल्लीला जावं लागत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विटा, मिरज, इस्लामपूरवाल्यांसाठी ते सांगलीच. दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

मामा चेन्नईत राहतो, दुकानही तिथेच, त्यामुळे वेळ आलीच तर त्याची तक्रार तिथल्या आयोगात जाईल. कागदं मी लावून दिलीत: तिकीट, पहाटेचा रद्द झाल्याचा एसएमएस, नव्या तिकिटाची पावती. कंपनीला मेल गेलाय. परतावा जमा झाला, 4,100 वर अजून उत्तर नाही. मेसेज मामाने ग्रुपवर चार जणांना पाठवला होता. त्या चौघांना त्याने काल स्वतः फोन केले.