पाण्याकाठचा रस्ता खुला ठेवला की घरं महागतात? मुद्द्यागणिक उत्तर

सध्या फिरणारा दावा असा: नदी, खाडी किंवा समुद्राकाठच्या नव्या गृहप्रकल्पांना काठ सर्वांसाठी खुला ठेवायला लावणं म्हणजे जमीन फुकट हिसकावणं. त्यात चटईक्षेत्र (प्लॉटवर जेवढं बांधता येतं ते क्षेत्रफळ) बुडतं, घरं महागतात, रहिवासी असुरक्षित होतात आणि एवढं करून तिथे कुणी फिरकतही नाही.

‘जमीन हिसकावली.’ अशा अटीत मालकी बहुधा मालकाकडेच राहते, लोकांना मिळतो तो जाण्यायेण्याचा हक्क. शिवाय हवी ती अट घालता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या नोलन खटल्यात (1987) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका घराच्या पुनर्बांधणीवर लादलेली वाटेची अट रद्द केली, कारण बांधकामाने होणारं नुकसान आणि मागितलेली वाट यांचा संबंधच जुळत नव्हता. डोलन खटल्याने (1994) त्यात भर घातली की मागणी नुकसानाच्या प्रमाणात हवी. एक बंगला पुन्हा बांधणं वेगळं आणि शेकडो सदनिकांनी सबंध काठ अडवणं वेगळं.

‘चटईक्षेत्र बुडतं.’ न्यूयॉर्कमध्ये 1993 पासून मध्यम आणि दाट वस्तीच्या पट्ट्यात काठाला 40 फूट रुंदीची वाट सोडावी लागते. पण ती जमीन चटईक्षेत्राच्या हिशेबात धरली जाते. इमारत मागे सरकते, क्षेत्र तेवढंच राहतं. फरसबंदी, दिवे, कठडा यांचा खर्च होतोच, तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र नियम आधीपासून विकास आराखड्यात असेल, तर जमीन घेताना बिल्डर तो भावातून वजा करतो. व्यवहार झाल्यावर परवानगीच्या टेबलावर अट आली, तरच हिशेब कोलमडतो. म्हणजे अट आधी जाहीर करा, एवढंच यातून निघतं.

‘सुरक्षितता जाते.’ तळमजल्याच्या खिडक्या आणि वाट यांत दोन-तीन फुटांची उंची आणि कमरेएवढी झुडपं ठेवली, दिवे लावले, वेळा फलकावर लिहिल्या की बहुतेक प्रश्न सुटतो. धोका असतो तो एकच तोंड असलेल्या, दुसऱ्या टोकाला बंद झालेल्या वाटेत.

‘कुणी फिरकत नाही.’ हे बरेचदा खरं असतं, आणि त्याचं कारण जागेवरच दिसतं. रस्त्यावरून काठापर्यंत जायला बोळच नसतो, किंवा असतो तो पार्किंगच्या फाटकातून, वॉचमनसमोरून. बाहेरच्याला वाटतं, ही सोसायटीची खासगी जागा. न्यूयॉर्कच्या नियमात म्हणूनच रस्ता ते पाणी अशा जोडवाटांमधलं अंतरही ठरवून दिलं आहे, जास्तीत जास्त 600 फूट.

दुसरा घोळ पातळीचा. पुराच्या भीतीने नवा प्रकल्प जोतं उचलतो, शेजारचा जुना प्लॉट खालीच राहतो आणि वाट तीन फुटी भिंतीवर आपटते. तिथे मग पायऱ्या ठोकतात, की व्हीलचेअर आणि बाबागाडी बाद. तीन फूट उतरायला 1:12 उतार (एक फूट उतरायला बारा फूट लांबी) धरला तर 36 फूट लांबी लागते, शिवाय मधला सपाट टप्पा. हाताने धरायच्या कठड्याची गरज नसलेला 1:20 उतार घेतला तर 60 फूट. ही जागा नकाशातच राखायला हवी. बांधून झाल्यावर ती कुठूनही निघत नाही.

तिसरं, हक्क कागदावर नसणं. माहितीपत्रकातली ‘सार्वजनिक विहारवाट’ म्हणजे हक्क नव्हे. तो नोंदणीकृत दस्ताने जमिनीला चिकटलेला हवा, म्हणजे बिल्डर निघून गेल्यावर सोसायटीला फाटक लावता येत नाही. त्याच दस्तात वाटेची रुंदी, उघडण्याच्या वेळा आणि देखभाल कुणी करायची हे हवं. वाट पेलणाऱ्या पाण्याखालच्या भिंतीची आणि खांबांची दुरुस्ती वेगळी लिहावी. खर्च तिथेच येतो, आणि लिहिलेलं नसलं की वाट खचते, पत्रे लागतात आणि भांडण वर्षानुवर्षं चालतं.

भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला जाण्याची परवानगी) देण्याआधी जोडवाट, फलक आणि शेजारच्या हद्दीवरची पातळी प्रत्यक्ष मोजली, तर यातल्या बहुतेक तक्रारी उरत नाहीत.