येलच्या ३ टक्केवाली गोष्ट खरी नाहीये
ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या १९५३ च्या बॅचमधल्या ३ टक्के पोरांनी ध्येय लिहून ठेवलं आणि २० वर्षांनी त्यांच्याकडे बाकी ९७ टक्क्यांपेक्षा जास्त पैसा निघाला. अहो असा अभ्यास झालाच नाही, खुद्द येलनेच सांगितलंय, तरी लाइफ कोच लोकांच्या वर्कशॉपमध्ये ही स्लाईड असतेच (कधी येलच्या जागी हार्वर्ड टाकतात, झालं). म्हणून लिहिणं फुकट असं नाही हां, पण चांगला कोच नुसती वही हातात देत नाही, तो विचारतो 'वजन कमी करायचंय' म्हणजे नेमकं किती, सोमवारी किती वाजता चालायला निघणार, पाऊस असला तर काय, मग गप्प बसून ऐकतो आणि पुढच्या आठवड्यात परत विचारतो. नेमकं आणि जरा अवघड ध्येय ठेवलं की काम जास्त होतं, हे लॉक आणि लॅथम या मानसशास्त्रज्ञांचं संशोधन मात्र खरं आहे, ते करा की फॉरवर्ड.