सातचा भोंगा आणि आयर्विनचे फूट

गेल्या आठवड्यात सातवीच्या मुलांना वर्गाबाहेर नेलं, सांगलीतल्या आमच्या शाळेच्या भिंतीसमोर उभं केलं आणि विचारलं, "२०१९ ला पाणी कुठपर्यंत होतं, दाखवा बघू." कुणी गुडघ्याला हात लावला, कुणी छातीला. एकानं उडी मारून डोक्याच्याही वर भिंतीवर थाप मारली. त्याचं बरोबर होतं. तेव्हा तो बालवाडीत होता आणि त्याचं अख्खं घर तीन दिवस शेजाऱ्यांच्या गच्चीवर होतं. बाकीच्यांना सांगता येईना, कारण भिंतीवर खूणच उरलेली नाही. पूर ओसरल्यावर कितीतरी महिने तिथं गाळाची तपकिरी रेघ होती. मग शाळेला रंग काढला. त्या वर्गणीत माझेही पाचशे रुपये होते, आणि भिंत स्वच्छ दिसली तेव्हा मला आनंदच झाला होता.

त्या दिवसापासून डोक्यात जे घोळतंय ते लिहून काढते. लांबेल, पण वाचा.

पावसाळ्यात सांगलीत नवीन माणूस आला तर त्याला वाटेल, हे गाव इंजिनिअरांचं आहे. मंडईतल्या मावशी मेथीची जुडी बांधता बांधता विचारतात, "कोयनेतनं किती सोडलंय ओ? अलमट्टीचं काय म्हणत्यात?" कोयना हे वरचं धरण, अलमट्टी खाली कर्नाटकातलं. रिक्षावाल्याला क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतं ते, कळतात. ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका, हे इथं लहान पोरांनाही पाठ असतं. पहिलं पाणी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरला लागतं, आणि मारुती चौकात आलं की व्यापारी माल वर चढवतात. कृष्णेवरचा १९२९ सालचा आयर्विन पूल ही आमची मोजपट्टी, हे फूट तिथले. जुलै-ऑगस्टात "आयर्विनला किती?" हाच नमस्कार आणि हीच ख्यालीखुशाली. कुठल्या शिबिरातून किंवा पुस्तकातून हे आलेलं नाही. लोकांनी पाण्यात उभं राहून शिकलेलं हे शास्त्र आहे आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे.

२००५ ला ५३ फुटांच्या वर. २०१९ ला ५७.५. २०२१ ला पुन्हा ५४ च्या पुढे. सोळा वर्षांत तीन महापूर.

२००५ च्या आधीचा अनुभव आता पुरत नाही, हे मला हरिपूरच्या पेवांनी शिकवलं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती जमीन. तिथं जमिनीखाली खोल पेवं खणून त्यात हळद साठवायचे आणि वर्षानुवर्षं ती चांगली राहायची. पेव उघडल्यावर आत लगेच उतरायचं नाही, कोंडलेली हवा जाऊ द्यायची, हे तिथल्या हमालांना माहीत. कितीतरी पिढ्या ही पद्धत चालली. २००५ च्या पुरात पेवांत पाणी गेलं, हळद सडली आणि त्यानंतर तो धंदाच तिथून उठला. वाडवडिलांनी जागा चुकीची निवडली होती असं कुणी म्हणू नये. त्यांनी जेवढा पूर पाहिला होता, त्या हिशोबानं ती बरोबरच होती. नदीचं वागणं बदललं, पावसाचं बदललं. चार दिवसांत महिन्याचा पाऊस पडायला लागला. "आमच्या आज्ज्याच्या काळात इथं कधी पाणी आलं नाही" या वाक्यावर घर बांधायचे दिवस गेले.

२०१९ चा ऑगस्ट मी माझ्या सासूबाईंच्या खाटेशेजारी बसून काढला. त्या अंथरुणाला खिळलेल्या. पाणी पायरीला लागलं तेव्हा गल्लीतल्या चार पोरांनी त्यांना खाटेसकट वरच्या मजल्यावर नेलं. त्यातल्या दोघांशी आमचं वर्षभर बोलणं नव्हतं, पार्किंगवरून. दुसऱ्या रात्री वीज गेली, मोबाईल मेले. त्याआधी शेवटचा मेसेज आला होता तो "धरण फुटलंय, पळा" असा. खोटा होता. पण पळणार कुठं, चारी बाजूंना पाणी. त्या एका ओळीनं समोरच्या घरातल्या काकूंची जी अवस्था झाली, ती मी विसरणार नाही. सकाळी शेजारच्या गच्चीवर एकाकडे जुना सेलवरचा रेडिओ निघाला. बातमी ऐकून तो गल्लीभर ओरडून सांगायचा आणि लोक शांत व्हायचे. त्या दोन दिवसांत आमच्यासाठी सगळ्यात मोठं तंत्रज्ञान तेच होतं.

८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि १७ माणसं गेली. जीव वाचवायला निघालेली माणसं. बोट लहान, माणसं जास्त. आजही ते नाव ऐकलं की मला पुढचं बोलता येत नाही.

पाणी उतरल्यावर जत तालुक्यातल्या एका गावातून आमच्या गल्लीत टेम्पो आला. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि दोनशे जुन्या पण धुतलेल्या साड्या. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात जत-आटपाडीत चारा छावण्या होत्या, जनावरं दावणीला आणि माणसं टँकरला. ज्यांच्याकडे पाणी नव्हतं त्यांनी पाण्यात बुडालेल्यांना जेवू घातलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये हीच कृष्णा मिरजेहून रेल्वेच्या वाघिणीत बसून लातूरला गेली होती, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. माझ्या जिल्ह्यातल्या माणसांच्या मनाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. संकट आलं की ती मोठी होतात.

माझं दुखणं त्यानंतरच्या दिवसांचं आहे.

गेल्या वर्षी माझ्या मावसभावानं फ्लॅट घेतला. दिशा बघितली, लिफ्ट बघितली, पार्किंग बघितलं, तीनदा पेढे वाटले. मी विचारलं, "निळ्या रेषेच्या आत आहे का बाहेर?" त्याला निळी रेषा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. चांगला शिकलेला, बँकेत असलेला माणूस. साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोचतो ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्याच्या आत बांधायचंच नाही, निळ्या-लालच्या मधे अटी पाळून बांधायचं. आयर्विनचे फूट बिनचूक सांगणाऱ्या आमच्या गावात ही रेषा आपल्या दारापासून किती लांब आहे, हे सांगणारा माणूस शोधावा लागतो. मी स्वतः तो नकाशा बघायला एका कार्यालयात गेले. पहिल्यांदा सांगितलं साहेब नाहीत, दुसऱ्यांदा सांगितलं दुसऱ्या टेबलावर विचारा. तिसऱ्यांदा एका तरुण मुलीनं कपाटातून काढून दाखवला आणि माझ्यासमोर पसरून नीट समजावलाही. अर्धा तास लागला. तो अर्धा तास प्रत्येक घर घेणाऱ्याला मिळाला पाहिजे, पैसे देण्याच्या आधी.

२०१९ नंतर सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं कमी दिवसांत पडलेल्या प्रचंड पावसाबरोबर नदीच्या पात्रातल्या आणि पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवरही बोट ठेवलं. अलमट्टीचं पाणी मागे फुगून इथं पूर वाढतो का, यावर आपण कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर तासन् तास बोलतो. तो प्रश्न दोन राज्यांनी आणि पाण्याच्या जाणकारांनी आकड्यांनिशी सोडवावा, आपण त्यांच्यामागे लागावं. पण अलमट्टी लांब आहे म्हणून तिच्यावर बोलणं सोपं जातं, आणि आपल्याच गल्लीतला बुजवलेला नाला जवळ आहे म्हणून त्यावर बोलणं जड जातं. कारण नाला बुजवणारा आपल्या ओळखीचा असतो. कधी कधी आपल्याच घरातला असतो.

संकटात मोठं व्हायचं आणि नंतर सैल पडायचं, कोरोनातही तसंच झालं. मार्च २०२० मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं नाव देशभर झालं. एका कुटुंबापासून सुरू झालेली साखळी दोन डझनांवर गेली. अख्खं गाव बंद झालं, आशाताई घरोघर फिरल्या, संपर्कातला एकेक माणूस शोधून वेगळा ठेवला, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यातले बहुतेक सगळे बरे होऊन घरी गेले. केवढं मोठं काम होतं ते! पण २०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली तेव्हा हाच जिल्हा राज्यात सगळ्यात उशिरा सावरणाऱ्यांत होता. जुलैत तर तोंडाला मास्क लावून पुराच्या छावणीत बसायची वेळ आली. त्या छावणीत मी रात्रपाळीला होते. अंतर ठेवा म्हणायचं आणि एका वर्गखोलीत सहा घरं झोपवायची.

त्या दीड वर्षात आम्हा शिक्षकांच्या हातून एक गोष्ट घडली, ती मला आजही सलते. मुलांच्या हातात मोबाईल आम्ही दिला. दुसरा मार्ग नव्हता, हे खरं. ज्याच्या घरी नव्हता त्याच्या आईनं कानातली फुलं गहाण ठेवून घेतला, हेही मी पाहिलंय. शाळा उघडली, पण मोबाईल काही खाली ठेवला गेला नाही. सहावीतलं पोर फळ्याकडे दहा मिनिटं सलग बघू शकत नव्हतं. एका आजाराला उत्तर म्हणून आणलेली वस्तू घरात दुसरं दुखणं होऊन बसली.

म्हणून २०२२ मध्ये मोहित्यांचे वडगावची बातमी वाचली तेव्हा मी ताठ बसले. कडेगाव तालुका, माझ्या माहेरापासून जवळ. १५ ऑगस्टपासून गावानं ठरवलं की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, नाहीतर एकमेकांशी बोलायचं. साडेआठला पुन्हा भोंगा.

दिवाळीत माहेरी गेले तेव्हा मुद्दाम सातच्या सुमारास तिथं गेले. भोंगा वाजला आणि एकेका घरातला मालिकेचा आवाज बंद होत गेला, जसे पावसाआधी रातकिडे गप्प होतात तसा. एका ओसरीवर आजी शेंगा फोडत होत्या, शेजारी नात मोठ्यानं पाढे म्हणत होती. आजींना विचारलं, पोरं ऐकतात का? म्हणाल्या, "पयलं पंधरा दिस लई कावली. मग बगितलं, कुणाकडंच चालू न्हाई, मग कुणाकडं जाणार?"

त्या वाक्यात मला सगळं सापडलं. मी माझ्या मुलाला घरात "मोबाईल ठेव" म्हणते तेव्हा तो एकटा पडतो, त्याचे मित्र तिकडे गेम खेळत असतात आणि मी वैरीण ठरते. सगळं गाव एका वेळी ठेवतं तेव्हा कुणीच एकटं पडत नाही. आणि हे वरून आदेश काढून झालेलं नाही. ग्रामसभेत ठराव झाला, बायकांशी आधी बोलणं झालं, कारण सात ते साडेआठ ही मालिकांची वेळ आणि त्यांचा दिवसभरातला तेवढाच विसावा. मग अंगणवाडीच्या ताई, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. दंडाची भीती घालून नव्हे, दारात बसून समजावून. वेळही दीडच तास ठेवला, पेलेल एवढाच. मोबाईल वाईट आहे असं कुणी म्हणालं नाही. साडेआठनंतर तो पुन्हा चालू होतोच.

इस्लामपुरात घरोघर फिरलेल्याही आशाताईच होत्या. माणसं तीच, पद्धत तीच. फरक एवढाच की तिथं रोग आटोक्यात आला तशी फेरी थांबली आणि इथं काहीही संकट समोर नसताना ती सुरू झाली. पुराचं, साथीचं, नदीच्या घाणीचं उत्तर असं रोजच्या घड्याळात बसल्याशिवाय टिकत नाही, हे मला त्या ओसरीवर पटलं. शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत मिसळण्याचा प्रश्न माझ्या लग्नाच्या आधीपासून ऐकतेय. २०२३ च्या मार्चमध्ये अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच पाण्यावर तरंगत होता. आठवडाभर आम्ही फोटो पाठवत राहिलो, संतापलो, आणि मग परीक्षा आल्या. नदीचं पाणी दर महिन्याला तपासून त्याचा आकडा, आयर्विनच्या फुटांसारखा, चौकाचौकात फळ्यावर लिहिला तर? मंडईतल्या मावशींना क्युसेक कळतात, त्यांना पाण्यातला ऑक्सिजनही कळेल. माशाला तो पुरेनासा झाला की मासा वर येऊन तोंड उघडतो, हे त्यांनी आधीच पाहिलेलं आहे.

आता आमच्या गल्लीपुरतं सांगते. जून तोंडावर आलाय. गल्लीतल्या बारा घरांची बैठक झाली, चहा माझ्याकडे होता. मुख्याध्यापकांची परवानगी मिळालीय. येत्या रविवारी सकाळी आठला शाळेच्या त्याच भिंतीवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या रेघा ऑइल पेंटनं काढायच्या आहेत. शेजारी लिहायचंय की कुणाच्या घरी अंथरुणावरचं माणूस आहे त्याची यादी कुणाकडे असते, पाणी ४० फुटांवर गेलं की त्यांना कुणी आणि कुठं न्यायचं, सेलवरचा रेडिओ कुणाकडे आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सातवीची मुलं घरोघर जाऊन ती यादी तपासतील. उडी मारून भिंतीवर थाप मारणारा तो मुलगा त्यांचा पुढारी आहे.

२०१९ आणि २०२१ च्या खुणा फोटोंवरून सापडल्या. २००५ ची अडलीय, तेव्हा मोबाईलला कॅमेरे कुठं होते? आमच्या भागातल्या कुणाच्या जुन्या अल्बममध्ये शाळेचं फाटक, पिंपळ किंवा कोपऱ्यावरची पिठाची गिरणी पाण्यात असलेला फोटो असेल, तर शनिवारपर्यंत घेऊन या. रेघ अंदाजानं काढायची नाही.