मेल मेला तरी जाईना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे. म्हणजे मालकांचं आहे, मी आपला ऑफिसात बसून कोटेशन, पीओ, ड्रॉइंग असलं बघतो. आणि ज्याला जरा बरं टायपिंग येतं त्याच्या गळ्यात सगळ्या ऑफिसचा कॉम्प्युटर पडतो, तसा माझ्या पडलाय.

तर पुण्याच्या पार्टीचा फोन आला, तुम्हाला पाठवलेला मेल परत आलाय, मेलबॉक्स फुल्ल सांगतंय. मेलबॉक्स १ जीबीचा, वेबसाइट करणाऱ्यानं डोमेनबरोबर दिलेला, आणि त्यात येणार काय तर कास्टिंगची ड्रॉइंगं, भरणार नाय तर काय होणार. मी मालकांना सांगितलं तर ते उखडलेच. "अरं मी रोज डिलीट करतोय की! चहा घेत तेवढंच काम असतंय माझं!"

खरंच करतात हो. लक्ष्मीपुरीत बँकेत रांगेत उभे असले तरी अंगठा चालूच असतो. पण त्यांनी मोबाईलवर डिलीट केलं की मेल जातो सर्व्हरवरच्याच 'ट्रॅश'मध्ये, केबिनमधल्या आउटलूकनं 'डिलिटेड आयटम्स' म्हणून आपला वेगळा सवतासुभा मांडलाय, आणि मालकांच्या जुन्या आयफोननं कधीतरी 'डिलिटेड मेसेजेस' केलेला तोही तिथंच. एकाच मेलबॉक्सात तीन कचरापेट्या, तिन्ही तुडुंब, आणि जागा मोजताना सर्व्हर तिन्ही धरतो. यातली खरी पेटी कुठली हे सर्व्हरनंच प्रोग्रामला सांगायची सोय २०११ साली ठरली म्हणे, आमच्या सर्व्हरपर्यंत ती अजून पोचायची आहे.

मुळात गोची आयमॅपमधे आहे, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून मोबाईल-पीसीवरनं बघायची जी पद्धत, तिच्यात. १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन या माणसानं ते काढलं. आजही त्यात डिलीट म्हणजे मेलवर नुसती खूण करायची, मेल जागचा हलत नाही. खरोखर काढायला एक्सपंज नावाची वेगळी आज्ञा द्यावी लागते, आणि ती कधी द्यायची हे प्रत्येक प्रोग्राम आपापल्या मर्जीनं ठरवतो, कुणी लगेच देतो, कुणी इनबॉक्स बंद करताना, कुणी तुम्ही सांगाल तेव्हा. केबिनमधलं आउटलूक जुनं, ते डिलीट केलेला मेल तिथंच ठेवून त्यावर आडवी रेघ मारायचं. मालकांनी एकदा मला आत बोलवून स्क्रीनकडं बोट केलं, "हे कुणी खोडलंय रे सगळं?" मी म्हटलं तुम्हीच की मालक. मग मेनूत जाऊन पर्ज दाबलं, म्हणजे तीच एक्सपंजची आज्ञा, आणि रेघा मेलासकट गेल्या. तरी पुढं कुणीतरी सेटिंग बदललं आणि मेल पेटीत जायला लागले. मला विचाराल तर ती रेघच बरी होती. मेल अजून आहे हे तोंडावर तरी सांगते. पेटीत सरकवून 'गेला बरं का' म्हणणारे प्रोग्राम लई बनेल.

खरी मजा पुढंच. बॉक्स भरलाय म्हणून मी थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये मोठे मोठे मेल निवडून डिलीट दाबलं, तर एरर, कोटा संपलाय. अहो तेच तर कमी करतोय! पण प्रोग्राम काय करतो, आधी त्या मेलची कॉपी ट्रॅशमध्ये टाकतो, मग जुन्यावर खूण करतो, मग काढतो. आता कॉपी ठेवायलाच जागा नाही म्हणून मेल निघत नाही, आणि मेल निघत नाही म्हणून जागा होत नाही. मेल एका झटक्यात हलवायची आज्ञा २०१३ ला आली, पण आमचा सर्व्हर त्याही गावचा नाही. शेवटी शिफ्ट धरून डिलीट दाबायचं, म्हणजे ट्रॅशला वळसा घालून मेल थेट वर. हे कळेपर्यंत माझं जेवण डब्यातच राहिलेलं.

अकौंटच्या मॅडमचा पीसी तर निराळाच, तिथं कुणीतरी फार पूर्वी पॉप लावून ठेवलंय. पॉप म्हणजे सर्व्हरवरचे मेल आपल्या पीसीवर ओढून घ्यायचे. 'सर्व्हरवर कॉपी ठेवा' ला टिक असल्यामुळं मॅडमनी तिकडं काहीही उडवलं तरी सर्व्हरला त्याचा पत्ता नाही. मी एकदा ती टिक काढली, तर भरपूर मेल उतरत असताना लाईट गेली, आणि परत आल्यावर सर्व्हरवर सगळे जसेच्या तसे! पॉपचा नियमच तसा आहे, आपण नुसतं सांगायचं हा काढ, तो काढ, सर्व्हर लिहून घेतो आणि क्विट म्हणून रीतसर निरोप घेतला तरच काढतो. पाहुण्यानं दारात 'येतो' म्हटल्याशिवाय तो गेला असं आपल्यात धरत नाहीत, तसलाच प्रकार. आणि एमएसईबीला ही रीत कोण शिकवणार. ती टिक मी परत लावून टाकली, नायतर मॅडमनी आधी ओढलेले मेल आम्हाला दिसायचेच नाहीत.

असो. शेवटी ठरवलं, तिन्ही पेट्या रिकाम्या करायच्या. माउस 'डिलिटेड आयटम्स'वर नेला तेवढ्यात मालक मागून ओरडले, "हात लावू नको तिथं! माझी महत्त्वाची मेल असत्यात ती!"

मी वळून बघितलं तर माणूस सिरीयस. इनबॉक्समध्ये लई गर्दी असते म्हणून कामाचे मेल ते डिलीट करून ठेवतात, म्हणजे एका जागी सापडतात. डिझाईनवाल्याचं अ‍ॅप्रूव्हल, बँकेचं पत्र, जीएसटीचं काय काय, सगळं तिथं. आणि इनबॉक्समध्ये काय उरलंय, तर इन्शुरन्सच्या जाहिराती.

"मालक, ही कचऱ्याची पेटी आहे ओ."

"असंल. पण सापडतंय का नाही?"

आता यावर काय बोलणार. मी ट्रॅश आणि डिलिटेड मेसेजेस रिकामे केले, जाहिराती शिफ्ट धरून उडवल्या, पुण्याच्या पार्टीला मेल परत टाकायला सांगितला. डिलिटेड आयटम्सच्या आत मालकांनी माझ्याकडून 'महत्त्वाचे' नावाचा फोल्डर करून घेतला. पुण्याचं ड्रॉइंग आलं. ते मालकांनी बघितलं, मान हलवली आणि लगेच डिलीट केलं.