टायटल ब्लॉक नसलेलं ड्रॉइंग

सकाळी एका ग्रुपवर व्हिडिओ आला. पाकिस्तानच्या अणुबॉम्बचे जनक म्हणवले जाणारे आणि ते तंत्र परदेशांना चोरून विकणारे अब्दुल कादिर खान, मागे ढणढणतं संगीत आणि खाली ओळ : 'एकट्या माणसाने अख्ख्या जगाला गंडवलं!' पाठोपाठ हसऱ्या इमोजींची रांग. तिथे गप्प बसलो. पण दिवसभर डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितोय.

एकट्याने? कसं शक्य आहे?

नोकरीच्या सुरुवातीला मी एका लहानशा मशीन शॉपमध्ये कोटेशन बनवायचो. एकदा एक व्यापारी चौकशी घेऊन आला. पातळ भिंतीच्या नळ्या, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) मायक्रॉनमध्ये, नग हजारांत, पैसे आगाऊ. ड्रॉइंगचा खालचा उजवा कोपरा, म्हणजे कोणाचं, कशाचं ड्रॉइंग ते लिहिलेला टायटल ब्लॉकच, कात्रीने कापलेला. फोरमनकाकांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे बसणार कशात?" तो म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय?" काकांनी ड्रॉइंगची गुंडाळी केली आणि त्याच्या हातात दिली. मालक पुढे महिनाभर काकांवर करवादत होता.

खानचा सगळा बाजार या 'तुम्हाला काय करायचंय'वर उभा होता. हॉलंडमध्ये नोकरीला असताना सेंट्रिफ्यूजच्या, म्हणजे गरगर फिरवून युरेनियम शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या, जर्मन कागदांचं डच भाषांतर करायला याच गृहस्थाला बसवलं होतं. १९७५ च्या डिसेंबरात ते पाकिस्तानात परतले, ते आराखडे आणि माल पुरवणाऱ्यांचे पत्ते घेऊन. माझ्या मते खरं घबाड म्हणजे ते पत्ते. नैसर्गिक युरेनियममध्ये कामाचं युरेनियम-२३५ असतं जेमतेम ०.७ टक्के, बॉम्बसाठी ते नव्वदच्या आसपास न्यावं लागतं. त्यासाठी भन्नाट वेगाने फिरणारी हजारो यंत्रं लागतात. ती कोणी घरात बसून घडवत नाही. कुठून नळ्या येतात, कुठून चुंबकं, कुठून बेअरिंग.

हाच धंदा पुढे इराण, उत्तर कोरिया आणि लिबियापर्यंत पोचला. एकट्या लिबियाची मागणी दहा हजार यंत्रांची! ऑक्टोबर २००३ मध्ये लिबियाकडे निघालेलं 'बीबीसी चायना' नावाचं जहाज इटलीतल्या तारांतो बंदरात वळवलं, तेव्हा खोक्यांत सेंट्रिफ्यूजचे भाग निघाले. मलेशियातल्या कारखान्यात बनलेले, दुबईमार्गे निघालेले. कारखाना म्हणाला, आम्हाला वाटलं तेल-वायू उद्योगाचं काम आहे. लेथवरच्या पोरांना खरंच ठाऊक नसेल, त्यांच्यावर माझा राग नाही. पण ऑर्डर घेणाऱ्याने विचारलं का, बसणार कशात?

बरं, आपण धुतल्या तांदळाचे नाही. १९७४ च्या पोखरण अणुचाचणीतलं प्लुटोनियम, म्हणजे बॉम्बचा दुसरा माल, कॅनडाने शांततेच्या कामासाठी दिलेल्या अणुभट्टीतलंच होतं, मान्य. पण आपण ते दुकान मांडून विकलं नाही. आणि अफगाणिस्तानात रशियाशी लढायला पाकिस्तान हवा होता, म्हणून अमेरिकेने तेव्हा डोळे मिटून घेतले, हेही मान्य.

मला खरा संताप येतो तो पुढच्या भागाचा. फेब्रुवारी २००४ मध्ये खान टीव्हीवर आले, कबुली दिली आणि दुसऱ्याच दिवशी मुशर्रफनी माफी दिली. घरातच नजरकैद, तीही २००९ मध्ये सुटली. खानच्या जाळ्यात सामील असलेल्या स्वित्झर्लंडमधल्या टिनर बापलेकांना २०१२ मध्ये शिक्षा झाली, पण कोठडीत काढलेले दिवस वळते झाले आणि कोणी परत आत गेलं नाही. २०२१ मध्ये खान वारले तेव्हा सरकारी इतमामात अंत्यसंस्कार! ज्यांनी शेजाऱ्याच्या दारात दारूगोळा ठेवायची दलाली केली, त्यांना कोर्टाने 'पुन्हा असं करू नका' एवढंच सांगितल्यासारखं झालं. आणि आमच्या ग्रुपवर इमोजी.

त्या व्यापाऱ्याच्या नळ्या अगदी साध्या कामाच्याही असतील. दुधातली साय काढायचं यंत्रही सेंट्रिफ्यूजच. काकांनी उगाच एक चांगली ऑर्डर घालवली, असं मालकासारखं मीही तेव्हा म्हणालो होतो. त्याची आज लाज वाटते.

संध्याकाळी काकांना फोन लावला. आता कानाला कमी येतं, तीनदा सांगावं लागलं. आधी आठवेना. कोपरा कापलेलं ड्रॉइंग म्हटल्यावर म्हणाले, "हां, ते होय! काम झकास होतं रे. करायला मजा आली असती."