पेशंट सोडून सगळ्यांनी यावे

घरी पेशंट आहे आणि नर्सिंग ब्युरोतून त्याच्या देखभालीला बाई ठेवायची आहे? अभिनंदन. एरवी आपल्याला विचारतं कोण? वॉर्डात रात्रपाळीला कोणती सिस्टर, ड्रेसिंग कोण करणार, स्पंजिंगला कोणाला पाठवणार, यात कधी तुमचं मत घेतलंय? माणूस निवडायचा अधिकार मिळतो तो डिस्चार्जनंतर, आपल्याच हॉलमध्ये. तेव्हा तो नीट वापरावा. कसा, याचं प्रात्यक्षिक नुकतंच आमच्या आत्याकडे बघायला मिळालं. (खुब्याचा सांधा बदललाय, वय ऐंशीच्या पुढे, डोकं आम्हा सगळ्यांपेक्षा शाबूत.)

सर्वप्रथम समिती मोठी हवी. मुलगा, सून, जावई, जावयाचे एक मित्र, कारण त्यांच्या आईलाही मागे बाई ठेवली होती, आणि धाकटा मुलगा न्यू जर्सीहून व्हिडिओवर. पैसे तोच देणार असल्यामुळे नकाराधिकार त्याच्याकडे. फोन फुलदाणीला टेकवून ठेवावा, म्हणजे बाईला त्याचं नुसतं कपाळ दिसतं आणि त्याला पंखा.

पेशंटला मात्र आतल्या खोलीत ठेवावं. दार लोटून. मालिका लावून दिली तर उत्तम.

मग प्रश्न. सुरुवात नावाने. ती नुसतं नाव सांगेल, तर 'पूर्ण नाव?' असं विचारावं. हल्ली जात विचारणं बरं दिसत नाही, म्हणून ती चार प्रश्नांत वाटून विचारावी: आडनाव काय, गाव कुठलं, तिकडे कुठल्या भागात घर, घरी नॉनव्हेज होतं का. आमच्याकडे बाई परभणीकडची होती. ती सगळ्याची सरळ उत्तरं देत गेली आणि समिती एकमेकांकडे बघत राहिली. कांदेपोहे तेवढे ठेवायचे राहिले होते.

शिक्षणाबद्दल विचारू नये. ब्युरोवाला फोनवर 'ट्रेन्ड सिस्टर' म्हणाला, विषय संपला. नर्सिंगच्या एएनएम कोर्सला दोन वर्षं लागतात, जीएनएमला तीन, बीएस्सी नर्सिंगला चार, त्यानंतर परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते, आणि काही महिन्यांचा कोर्स करून किंवा एखाद्या दवाखान्यात काम करत शिकून आलेली मदतनीस ही वेगळी, हे सगळं समजून घेत बसलात तर रेटही समजून घ्यावा लागेल. त्यापेक्षा पगार मदतनीसाचा द्यावा आणि इंजेक्शन, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), कॅथेटर (लघवीची नळी) सगळं तिनेच करावं अशी अपेक्षा ठेवावी. 'मला ते करायची परवानगी नाही' म्हणाली, तर समजावं की बाई कामचुकार आहे.

अनुभवाचं सर्टिफिकेट मागा. वाचू नका.

ड्युटीची बोलणी करताना शब्द काळजीपूर्वक वापरावेत. 'चोवीस तास' म्हणायचं आणि लगेच जोडायचं, 'तसं काम काहीच नसतं हो.' काहीच नसतं. पेशंटला रात्री दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, पाठीला बेडसोर होऊ द्यायचा नाही, बेडपॅन द्यायचं, धुवायचं, डायपर बदलायचा, सकाळी स्पंजिंग, गोळ्या वेळेवर, फिजिओथेरपीवाला आला की त्याच्यासमोर पाय धरून उभं राहायचं. एवढंच. दुपारी आजी झोपल्या की बाई रिकामीच! मग थोडी भाजी निवडून दे. कुकर लावशील का? मुलांचे डबे घासून टाक. भेटायला आलेल्यांचा चहा कोण करणार, मीच का? चहावरून आठवलं, तिचा कप वेगळा ठेवायचा. स्टीलचा, ओट्याखाली, कुणी विचारलं तर 'इन्फेक्शन नको म्हणून.' आजींच्या तोंडात घास भरवणारा तोच हात, आजींचं ढुंगण पुसणारा तोच हात, तेव्हा इन्फेक्शन होत नाही. कपाला होतं. जेवायला रात्रीची पोळी. आंघोळीला नोकरांचं बाथरूम, ते नसेल तर 'सगळ्यांचं झाल्यावर जा'. हॉलमध्ये कॅमेरा, आणि पेशंटच्या खोलीतही कॅमेरा. म्हातारीचे कपडे बदलताना न्यू जर्सीहून कोण बघतंय, याचा विचार करायला समितीला वेळ नसतो. सुट्टी मागितली की 'बदली तूच आण.' आपण महिन्याला ब्युरोला मोजतो त्यातले तिच्या हातात किती पडतात, हे चुकूनही विचारायचं नाही. झोप उडते. आणि झोप उडून चालणार नाही, कारण पहाटे चारला उठायचंय तिला, तुम्हाला नाही! तुम्ही तेव्हा एसी लावून घोरत असता!

असो.

परदेशी खुळांपासून सावध राहा. इंग्लंडमध्ये काही सरकारी रुग्णालयांत नर्स निवडताना मुलाखतीच्या टेबलावर चक्क पेशंट बसतात. मानसिक आरोग्याच्या सेवांत पूर्वी उपचार घेतलेली माणसं उमेदवाराला प्रश्न विचारतात. मुलांच्या रुग्णालयांत तर पोरं विचारतात. कन्सल्टंट डॉक्टर नेमणाऱ्या समितीवरही वैद्यकीय पेशाबाहेरचा एक सदस्य असावा, अशी तिथल्या १९९६ च्या नियमांत तरतूद आहे. त्यांना कामं नाहीत. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यात रुग्ण शोधून दाखवा. आणि २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपरच फुटला, तेव्हा पेशंटचं मत कुठल्या रकान्यात घेणार होतो आपण?

उमेदवाराने उलट प्रश्न विचारले, तर तिला ताबडतोब बाद करावं. आमच्या बाईने तेच केलं. पगाराचं ठरायच्या आधीच म्हणाली, 'आजी कुठायत? त्यांना बघू का जरा?' समिती म्हणाली, 'ते होईल नंतर.' तरी ती थांबेना. पायांच्या मध्ये उशी ठेवायला सांगितलीय का डॉक्टरांनी? कमोडला उंच सीट लावलीय का? टाचा लाल झाल्यात का? जावई सुनेकडे बघायला लागले, सून मोबाइलकडे. उंच सीट? सांधा बदललेल्या माणसाला खूप खाली बसवायचं नसतं, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं होतं, आणि तो कागद मेडिक्लेमच्या फाइलमध्ये होता. कपाळ म्हणालं, 'शी टॉक्स टू मच.' बाई गेली. नंतर आलेली गप्प बसणारी होती, शाकाहारी होती, ती ठेवली. तिसऱ्या रात्री आत्याला कमोडवरून उठवताना दोघी भिंतीला टेकल्या. पडल्या नाहीत हे नशीब.

मी आत्याला विचारलं, तुला कशी बाई हवी होती गं? ती म्हणाली, 'दवाखान्यात एक होती, गार पाण्याने पुसायची, पडदा उघडा टाकून. मी फक्त एवढंच विचारलं असतं, की पाणी आधी आपल्या हातावर बघतेस का आणि दार लावतेस का. आडनावाशी मला काय करायचंय? मला बोलवायचं तरी होतंत.'

समितीतल्या सगळ्या विद्वानांनो, बारा माणसांचं जेवण बाहेरून मागवताना तुम्ही सगळ्यांना विचारता कोणाला काय हवंय. आणि जी बाई हिला उघडं करून धुणार, हिच्या शेजारी झोपणार, ती ठरवताना हिला विचारत नाही! ती म्हातारी झालीय, मुकी नाही झाली. नकाराधिकार हवाय ना? तिला द्या. न्यू जर्सीवाल्यांनी पैसे पाठवावेत आणि कॅमेरा बंद करावा. बाईला पूर्ण नाव विचारण्याआधी स्वतःचं सांगा, तिचा पगार आणि सुट्टी कागदावर लिहा, आणि भाजी स्वतः निवडा. गप्प बसणारीही आता कंटाळली आहे, रविवारनंतर येणार नाही म्हणाली. तेव्हा त्या परभणीच्या बाईंना फोन लावा, माफी मागा, आणि खुर्च्या या वेळी आत्याच्या पलंगाभोवती लावा. दोनच पुरे.